मांडीवरून पडद्याकडे : लहान मुलाला पहिला अ‍ॅनिमेशनपट दाखवताना

माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा थिएटरात नेलं. एका कासवाच्या पिल्लाची गोष्ट होती. वादळात वाट चुकलेलं पिल्लू समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर परत येतं, एवढीच. आम्हा दोघांना सिनेमा फार आवडला. बाहेर पडताना तिच्या बाबांनी विचारलं, "तुला काय आवडलं गं?" ती म्हणाली, "खुर्ची. मी बसले की ती मला खाते."

तिचं वजन इतकं कमी होतं की घडीची खुर्ची तिच्यासकट मिटत होती. दीड तास ती पाय पोटाशी घेऊन, मध्येच पुढे सरकून, त्या खुर्चीशी झटापट करत होती. मला वाटलं, हिने सिनेमा पाहिलाच नाही. पण चार दिवसांनी पिल्लाने लाट आल्यावर मान कशी आत घेतली, ते तिने पांघरुणाखाली जसंच्या तसं करून दाखवलं. आम्ही एक सिनेमा पाहिला होता आणि तिने दुसराच. तिच्या सिनेमात खुर्ची होती, अंधार होता, माझा दंड होता आणि अधूनमधून कासव.

त्यानंतर भाचरं, मैत्रिणींची मुलं अशा बऱ्याच जणांचा पहिला सिनेमा माझ्या शेजारी बसून झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच एखादा साहसी अ‍ॅनिमेशनपट दाखवणार असाल, तर काय करायचं ते इथे क्रमाने सांगते. सगळं करताना एवढं धरून ठेवा की मुलाचा सिनेमा वेगळा आहे आणि तयारी त्याच्या सिनेमाची करायची आहे.

पहिली पायरी : मूल तयार आहे का, ते घरीच पाहा

वयाचा आकडा फारसा कामाचा नाही. तीन वर्षांची काही मुलं शांत बसून पाहतात, पाच वर्षांची काही दहा मिनिटांत दाराकडे पळतात. तरी अडीच वर्षांच्या आत नेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. त्या वयात पडद्यावरचं चित्र आणि समोरची वस्तू यांची सांगड नीट बसलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, आणि त्याहून कमी असेल तर बरंच. म्हणजे एक अख्खा सिनेमा हा त्या दिवसाचा सगळा वाटा, किंबहुना त्याहून थोडा जास्तच. त्या दिवशी घरचा टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा.

घरची चाचणी सोपी आहे. मुलाला अनोळखी असलेली, चाळीसेक मिनिटांची एखादी गोष्ट लावा. दिवे मंद करा. रिमोट लांब ठेवा आणि मध्ये थांबवू नका, कारण थिएटरात कुणी थांबवत नाही. मूल उठलं, फिरलं, परत येऊन बसलं तर ते तयार आहे. अंधार झाल्याबरोबर चिकटलं आणि सोडेचना, तर सहा महिने थांबा. थांबल्याने काही हुकत नाही.

लांबीही पाहून घ्या. जुने अ‍ॅनिमेशनपट बरेच आटोपशीर असत. १९४१ चा 'डंबो' जेमतेम ६४ मिनिटांचा आहे. आताचे बरेचसे दीड तासाच्या आसपास जातात आणि त्याआधी जाहिराती आणि ट्रेलर असतात ते वेगळेच. पहिल्या खेपेला ऐंशी मिनिटांच्या आतला सिनेमा मिळाला, तर तोच घ्या.

दुसरी पायरी : सिनेमा निवडणं

इथे घाई करू नका. पुढच्या निम्म्या अडचणी इथेच टळतात.

आधी प्रमाणपत्र पाहा, पण त्यावर विसंबू नका. भारतात 'यू' म्हणजे सर्वांसाठी, आणि २०२४ च्या नियमांनंतर 'यूए ७+', 'यूए १३+', 'यूए १६+' अशा वयाच्या पायऱ्या आल्या आहेत. ब्रिटनमधलं 'यू' साधारण चार वर्षांपासून पुढच्यांना चालेल असं मानतात, आणि 'पीजी' म्हणजे आठेक वर्षांचं मूल अस्वस्थ होऊ नये असं. अमेरिकेत 'जी' म्हणजे सर्वांसाठी आणि 'पीजी' म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा असा. पण ही अक्षरं सगळ्या मुलांसाठी मिळून ठरवलेली असतात. आईपासून दुरावणं, अंधाऱ्या बोगद्यात एकटं राहणं, जवळचा मित्र रागावून निघून जाणं, हे 'यू' सिनेमात सर्रास असतं. तुमच्या मुलाला यातलं नेमकं काय झोंबेल, ते तुम्हालाच माहीत.

साहसकथेचा साचा ठरलेला आहे. पिल्लू घराबाहेर पडतं किंवा त्याचं घर सुटतं, वाटेत एक सोबती भेटतो, संकटं येतात, शेवटाकडे एकदा सगळं संपल्यासारखं वाटतं आणि मग परतीची वाट सापडते. घर सुटावं म्हणून लेखक बहुतेक वेळा आई-बाबांनाच गोष्टीतून दूर करतात. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९३७ ते २०१३ या काळातले मुलांचे ४५ गाजलेले अ‍ॅनिमेशनपट मोठ्यांच्या चित्रपटांशी ताडून पाहिले होते. महत्त्वाच्या पात्राच्या मृत्यूचा धोका मुलांच्या सिनेमात सुमारे अडीच पट जास्त निघाला. रंगीत पोस्टर पाहून हे कुणाच्या मनातही येत नाही.

मात्र मोठ्यांना जे भयंकर वाटतं, तेच लहानांना वाटतं असं नाही. अमेरिकेतल्या संशोधक जोअ‍ॅन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचा निष्कर्ष मला दर खेपेला पटतो. साधारण सात वर्षांच्या आतली मुलं जे दिसतं आणि ऐकू येतं त्याला घाबरतात : विद्रूप चेहरा, मोठे दात, डोळ्यांदेखत माणसाचा राक्षस होणं. त्याहून मोठी मुलं जे खरोखर घडू शकेल त्याला घाबरतात : आग, अपघात, कुणीतरी पळवून नेणं.

माझ्या भाचीला चार वर्षांची असताना मी घरी १९४२ चा 'बॅम्बी' दाखवला. पाडसाची आई मरते तो प्रसंग मी धास्तावून पाहत होते. तिथे फक्त बंदुकीचा आवाज येतो, आई दिसत नाही, बर्फात पाडस तिला हाका मारत राहतं. भाची शांत. "आई कुठे गेली?" एवढंच तिने विचारलं. तिची आठ वर्षांची ताई मात्र उशीत तोंड खुपसून रडत होती. पुढे शिकारी कुत्रे दात विचकत मागे लागले, तेव्हा धाकटी माझ्या मांडीवर चढली ती शेवटपर्यंत उतरली नाही.

म्हणून निवडताना मी चार गोष्टी शोधते. आई-बाबा मरतात किंवा हरवतात का? एखादं पात्र अचानक रूप बदलतं का? शेवटची झुंज किती लांब चालते? आणि मध्ये शांत जागा आहेत का? या चौथ्या प्रश्नाकडे पालकांचं लक्ष जात नाही. छोट्यांसाठीच्या चांगल्या सिनेमात धावपळीनंतर थोडा श्वास घेऊ देतात. कुणीतरी नुसतं पाऊस बघत बसतं, पानावरून थेंब ओघळतो. जपानी भाषेत या मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात आणि तिथले अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या सिनेमात ती जपलेली असते. त्यांच्या १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो'मध्ये तर खलनायकच नाही, तरी मुलं खिळून बसतात. आई आजारी असून रुग्णालयात आहे, ही काळजी मात्र त्यातही आहे, तेव्हा घरात कुणी आजारी असेल तर विचार करून दाखवा.

शक्य असेल तर सिनेमा आधी स्वतः पाहा. नसेल तर कथानक शेवटापर्यंत वाचून काढा. इतरांची मतं वाचताना तारे मोजू नका. "गोष्ट जुनीच आहे" हे समीक्षकाचं वाक्य चार वर्षांच्या मुलाला लागू नाही, त्याला प्रत्येक गोष्ट नवी. "आमचा साडेतीन वर्षांचा गुहेच्या प्रसंगात रडला, पण गाणं आल्यावर परत पाहू लागला", असं कुणी लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं. वय, प्रसंग आणि मुलाने काय केलं, हे तिन्ही ज्या मतात आहे तेच कामाचं.

भाषेचंही पाहा. मूल घरी जी भाषा बोलतं, त्या भाषेत डबिंग असेल तर ते निवडा. वाचता न येणाऱ्याला सबटायटलचा उपयोग नाही, आणि तुम्ही दीड तास कानात भाषांतर करत बसलात तर दोघांचाही सिनेमा बुडतो.

तिसरी पायरी : गोष्ट आधीच सांगून टाका, शेवटासकट

मोठ्यांना शेवट कळला की मजा जाते. लहानांचं उलट असतं. "पिल्लू हरवतं, मग त्याला खेकडा भेटतो, मग मोठी लाट येते, आणि मग ते घरी पोचतं" एवढं माहीत असलेलं मूल लाटेच्या वेळी तुमच्याकडे वळून म्हणतं, "आता घरी जाणार ना?" त्याच्या हाताला कठडा मिळालेला असतो. मुलांना पुनरावृत्ती का आवडते, याचं उत्तरही यातच आहे. एकच कार्यक्रम पाच दिवस रोज दाखवला तेव्हा तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तो कंटाळवाणा झाला नाही. त्यांची समज वाढली आणि ती पडद्याशी जास्त बोलू लागली, असं १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं.

पात्रांची चित्रं दाखवा, खलनायकाचंही दाखवा. कागदावर त्याला हात लावता येतो. ट्रेलर मात्र दाखवू नका, त्यात सगळ्यांत भयानक आणि कर्कश क्षण एकापाठोपाठ एक जोडलेले असतात.

एखाद्या संध्याकाळी घरात थिएटर-थिएटर खेळा. खुर्च्या ओळीत मांडा, तिकीट फाडा, दिवा मालवा. अंधार कसा होतो आणि आई तेव्हा कुठे असते, हे त्याला आधी कळलेलं असावं.

चौथी पायरी : वेळ, जागा आणि आवाज

सकाळचा खेळ घ्या. झोपेची वेळ आणि सिनेमाची वेळ एकत्र आली की हार ठरलेली. जागा कडेची, मागच्या निम्म्या भागातली, दाराकडे जाणाऱ्या वाटेला लागून. जाहिरातींच्या वेळात पोचलात तरी चालेल. पण दिवे चालू असताना एकदा हॉल दाखवून आणा, मग बाहेर थांबा, हे मला सगळ्यांत सोयीचं वाटतं.

आवाजाचा विचार नीट करा. थिएटरातले मुख्य स्पीकर साधारण ८५ डेसिबलच्या मानकावर जुळवतात आणि त्यावर २० डेसिबलची जागा मोठ्या आवाजांसाठी राखलेली असते. प्रत्येक ठिकाणी तितका आवाज ठेवत नाहीत, पण स्फोट किंवा गडगडाट मुलाच्या छातीत जाणवतो. बरीच मुलं चित्राला घाबरलेली नसतातच, आवाजाने दचकलेली असतात. लहान मुलांचे कान झाकणारे हेडफोनसारखे इअरमफ मिळतात, ते पिशवीत असू द्या. घरी दोन-तीनदा घालून सवय करा, नाहीतर ते ऐनवेळी भिरकावले जातात. काही थिएटरांत आवाज कमी, दिवे थोडे उजळ आणि मुलांना फिरायची मोकळीक असे खास खेळ असतात. ते स्वमग्न मुलांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाले, पण कुठल्याही मुलाच्या पहिल्या सिनेमासाठी उत्तम. चौकशी करा.

थ्रीडी नको. चष्मा छोट्या नाकावरून घसरतो, चित्र अंधूक होतं आणि वस्तू अंगावर येते.

घरात कुणाला आकडीचा त्रास असेल तर झपाझप चमकणाऱ्या दृश्यांबद्दल आधी विचारून घ्या. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यानंतर जपानमध्ये टीव्हीसाठी नियम कडक झाले, पण घरातलं मूल संवेदनशील असेल तर शोध आपणच घ्यायचा.

पाचवी पायरी : हॉलमध्ये

पिशवीत पाणी, एक जाड शाल, कपड्यांचा एक जोड आणि लाडकं खेळणं. शालीची घडी खुर्चीच्या पुढच्या कडेखाली दाबली की खुर्ची मिटत नाही, हे मी कासवाच्या सिनेमानंतर शिकले. शी-शू आत जायच्या अगदी आधी.

दिवे मालवले की पडद्यापेक्षा मुलाकडे जास्त पाहा. भीती बोलण्याआधी अंगात येते. कॉलर तोंडात जाते, पाय खुर्चीवर येतात, मान तुमच्या कुशीकडे वळते. "संपला का?" हा प्रश्न कंटाळ्याचा असू शकतो, पण तो गडद प्रसंगात आला तर भीतीचा समजा. तसंच "शू आली" हेही. नुकतीच जाऊन आलेली मुलगी लांडग्याच्या प्रसंगात पुन्हा शू आली म्हणते, तेव्हा ती तुमच्याकडे सन्मानाने बाहेर पडायची वाट मागत असते. "आत्ताच तर केलीस!" म्हणू नका. उठा आणि घेऊन जा.

घाबरलेल्या छोट्याला "हे खोटं आहे, कुणीतरी चित्र काढलंय" हे सांगून फारसं भागत नाही. कँटर यांच्या कामातही हेच दिसतं की शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांना समजावणं उपयोगी पडतं, पण त्याआधीच्या वयात शरीराला धीर द्यावा लागतो. मांडीवर घ्या, पाण्याचा घोट द्या, खेळणं हातात द्या, पाठीवर हात ठेवा. डोळे झाकायचे असतील तर झाकू दे. जबरदस्तीने हात काढून "बघ, काही नाही" करणारे मोठे मी पाहिले आहेत. ते मूल पुढच्या वेळी थिएटरच्या दारातच रडतं.

दोन मुलं असतील तर त्यांच्या मध्ये मोठं माणूस बसवा. नाहीतर आठ वर्षांचा दादा "आता बघ, तो मरणार!" असं कानात सांगतो, आणि धाकट्याची भीती प्रसंगाआधीच सुरू होते. मुलं हॉलमध्ये बोलणारच, पात्रांना हाकाही मारणार. छोट्यांच्या सिनेमात ते चालतं. तुम्ही उत्तर कुजबुजत द्या, म्हणजे आवाज किती ठेवायचा ते मुलालाही कळतं.

बाहेर जायची वेळ आली तर दाराबाहेर पाच मिनिटं थांबा आणि विचारा, "परत जायचं की घरी?" घरी म्हणालं तर घरी. तिकिटाच्या पैशांचा विषय मुलासमोर काढू नका.

पण एक काम उरतं, आणि ते मी एकदा विसरले होते. माझा भाचा पाच वर्षांचा असताना अस्वल गुहेतून बाहेर येतं तिथे आम्ही उठून आलो. घरी आल्यावर मी विषय टाळला, उगीच आठवण नको म्हणून. पुढचे पंधरा दिवस तो पलंगाखाली पाहिल्याशिवाय झोपेना. त्याच्या डोक्यात अस्वल अजून बाहेरच येत होतं. शेवटी आम्ही दोघांनी कागदावर पुढचं चित्र काढलं : अस्वलाच्या पायात काटा होता, मुलाने तो काढला, अस्वल निघून गेलं. सिनेमात तसंच होतं. त्याने तो कागद पलंगाखाली ठेवला आणि झोपला. अर्ध्यातून उठलात तर त्याच संध्याकाळी उरलेली गोष्ट सांगून पूर्ण करा.

सहावी पायरी : घरी आल्यावर

"काय शिकलास?" विचारू नका. "आवडला का?" विचारलंत तर "हो" येईल आणि तिथेच बोलणं थांबेल. काही न विचारता दोन-तीन दिवस वाट पाहिली तर टेबलाखाली गुहा होते, चादरीचा समुद्र होतो आणि तुम्हाला खेकडा व्हायला सांगितलं जातं. व्हा. तेव्हा तो कुठल्या प्रसंगात रेंगाळतो ते कळतं. हरवण्याचा किंवा मरण्याचा खेळ दहादा खेळला तरी घाबरू नका, तो प्रसंग मूल आपल्या हाताने उलटून-पालटून पाहत असतं. दोन-चार रात्री झोपमोड होईल, दिवा लागेल, तेही चालायचंच. मात्र काही आठवडे झोप किंवा खाणं बिघडलेलं राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि पुन्हा पाहायला मागितलं तर दाखवा. कासवाचा सिनेमा पुढे घरी मिळाला, तेव्हा मुलीने वादळाच्या आधी मला थांबवायला सांगितलं. ती उठून दाराबाहेर गेली आणि म्हणाली, "आता लाव." वादळ तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या खेपेला ती दाराच्या फटीतून पाहत होती. तिसऱ्या खेपेला उंबरठ्यावर, एक पाय बाहेर. चौथ्या खेपेला ती माझ्याजवळ बसून राहिली, आणि लाट यायच्या आधी तिने माझ्या डोक्यावर पांघरूण ओढून म्हटलं, "मान आत घे, आई."